वृत्ती आणि जगण्याचा अर्थ: आजारपणात, म्हातारपणात हे नेमकं कसं चालतं?

कर्दळी

‘दृष्टिकोन बदला, आयुष्य बदलेल’ हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की अंथरुणाला खिळलेल्या माणसासमोर ते उच्चारणंसुद्धा निष्ठुरपणाचं वाटतं. पण त्यामागे एक पक्का, शिस्तीत मांडलेला विचार आहे. तो पायरीपायरीनं वापरायचा असतो आणि पायरी चुकली की त्याचा नुसता उपदेश होतो. त्या पायऱ्यांबद्दल जाणकारांनी लिहावं, म्हणून हा धागा.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांच्या मते माणसाला अर्थ तीन वाटांनी सापडतो. पहिली वाट कामाची, म्हणजे आपण जगाला काही देतो ती. दुसरी अनुभवाची: प्रेम, निसर्ग, संगीत, जे जगाकडून आपल्याकडे येतं ते. या दोन्ही वाटा बंद झाल्या, हात चालत नाहीत, माणसं दुरावली, तरी तिसरी उरते. जे बदलता येत नाही त्याच्यासमोर आपण कसे उभे राहतो, ती वृत्तीची वाट. पुष्कळांना वाटतं की हा विचार त्यांना नाझींच्या छळछावणीत सुचला. तसं नाही. त्यांचं हस्तलिखित त्याआधीच तयार होतं, ते ऑशविट्झमध्ये हिरावलं गेलं. सप्टेंबर १९४२ मध्ये टेरेझिनला रवानगी, ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ, २७ एप्रिल १९४५ ला सुटका. छावणीनं विचार दिला नाही, त्याची परीक्षा घेतली.

आता त्यांचंच एक उदाहरण अगदी जवळून बघू. एक वयस्कर डॉक्टर त्यांच्याकडे आले. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, दुःख ओसरत नव्हतं. फ्रँकल यांनी सांत्वन केलं नाही. एकच प्रश्न विचारला: तुम्ही आधी गेला असता आणि त्या मागे राहिल्या असत्या तर? डॉक्टर म्हणाले, तिला ते फार जड गेलं असतं. मग फ्रँकल म्हणाले, ते दुःख तुम्ही तिचं वाचवलंत, त्याची किंमत म्हणून तुम्हाला मागे राहून ते सोसावं लागतंय. डॉक्टर काही न बोलता हात मिळवून निघून गेले.

हे चाललं कशामुळे? बायको खरोखरच गेलेली होती, आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रेम खरं होतं, ते फ्रँकल यांनी तयार केलेलं नव्हतं. आणि ‘तिला जड गेलं असतं’ हे उत्तर डॉक्टरांच्याच तोंडून आलं. यातलं एक जरी नसतं तर तोच प्रश्न जखमेवर मीठ ठरला असता. बायको अतिदक्षता विभागात असताना हेच कुणी विचारलं तर?

म्हणून बोलायला बसण्याआधी कागदावर दोन रकाने करा: बदलता येण्यासारखं आणि न बदलणारं. वृत्तीचं काम फक्त दुसऱ्या रकान्यात. फ्रँकल यांनी बजावून ठेवलंय की टाळता येणारं दुःख सोसत बसणं हे शौर्य नव्हे, स्वतःचा छळ आहे. आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ‘वय झालं, दुखणारच’ म्हणून पहिल्या रकान्यातल्या गोष्टी दुसऱ्यात ढकलल्या जातात. मोतीबिंदू, ऐकू न येणं, गुडघे, नैराश्य हे सगळं पहिल्या रकान्यातलं. ऐकू येत नसलेल्या आजोबांना ‘स्वीकारा’ म्हणण्याआधी कान तपासून घ्यायचे, मशिन लागतंय का ते बघायचं.

---

पाणपोई

कर्दळी, रकान्यांचं अगदी पटलं. मी शुश्रूषेच्या बाजूनं लिहिते.

‘आता जगण्यात राम उरला नाही’ हे वाक्य ऐकलं की आधी पाच गोष्टी बघायच्या: दुखणं, पोट, झोप, तोंड, श्वास. चार दिवस शौचाला न झालेला, तोंड आलेला माणूस अर्थाबद्दल बोलत नसतो, तो पोटाबद्दल आणि तोंडाबद्दल बोलत असतो. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरा न होणाऱ्या आजारात वेदना आटोक्यात ठेवणारं शुश्रूषाकेंद्र) सुरू करणाऱ्या डेम सिसली सॉन्डर्स यांनी याला ‘संपूर्ण वेदना’ म्हटलं. शरीराची, मनाची, घरच्या-पैशाच्या काळजीची आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाची वेदना एकमेकींत गुंतलेली असते. सुरुवात शरीरापासून, कारण ती गाठ सगळ्यात लवकर सुटते.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेत डॉक्टर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन देतात, तेव्हा घरच्यांकडून ठरलेल्या तीन चुका होतात. एक, ‘फारच दुखलं तर द्या’ म्हणून मागे ठेवणं. साधी, लवकर उतरणारी गोळी बहुधा दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागण्याची वाट बघितली की तेवढीच गोळी कमी पडते. दोन, पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासून न देणं. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच, आणि मग घरचे दोष देतात मॉर्फिनला. तीन, व्यसन लागेल या भीतीनं डोस परस्पर कमी करणं. डोस वाढवणं-कमी करणं डॉक्टरांच्या हातात ठेवा, पण वेळा मात्र चुकवू नका.

बोलायची वेळही यावरूनच ठरते. गोळी घेतल्यावर साधारण तासाभरानं माणूस सगळ्यात मोकळा असतो. त्या वेळी बसा, वीस मिनिटं पुरतात. पाहुण्यांच्या गर्दीत, डोस उतरत आलेला असताना, डोक्याशी उभं राहून ‘काय मग, कसं वाटतंय?’ असं विचारण्यात काहीच अर्थ नाही. खुर्ची घ्या, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा.

हॉस्पिस म्हणजे मरायला नेऊन ठेवणं, हा समज अजून जात नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच वांद्र्याचं, शांती अवेदना, १९८६ पासूनचं. त्यांची शाखा गोव्यातही आहे. वेदना आटोक्यात आली की तिथे माणसं पत्ते खेळतात, भांडतात, नातवंडांना रागवतात. अर्थाचं बोलणं त्यानंतरचं.

---

शब्दवेल्हाळ

एक भाषेचा मुद्दा. या विषयावरच्या प्रश्नावल्यांचं जसंच्या तसं मराठी केलं की पंचाईत होते. स्टेगर यांची २००६ ची जीवनार्थ प्रश्नावली १० विधानांची आहे, प्रत्येकाला १ ते ७ गुण. पाच विधानं ‘अर्थ आहे’ याची, पाच ‘शोध चालू आहे’ याची, दोन्हींची बेरीज वेगवेगळी, ५ ते ३५. नववं विधान उलट्या अर्थाचं आहे, ते मोजताना गुण फिरवून घ्यावे लागतात. हे विसरलं की बेरीजच चुकते. दोन्ही बेरजा एकत्र करणं ही दुसरी चूक. शोध जास्त म्हणजे अर्थ कमी, असं ते गणित नाही.

पण साताऱ्याच्या एखाद्या आजींना ‘तुमच्या जीवनाला अर्थ आहे का?’ असं विचारून बघा. त्यांना वाटतं आपण त्यांचं आयुष्य निरर्थक होतं असं सुचवतोय. शिवाय आपल्याकडे ‘अर्थ’ म्हणजे पैसाही. हाच प्रश्न बोलीत विचारायला आपल्याकडे किती तरी चांगले शब्द आहेत:

‘जीव कशात अडकलाय?’ यात काळजी आणि प्रेम दोन्ही बाहेर येतं.
‘कशात मन रमतं अजून?’ ही अनुभवाची वाट.
‘तुमच्या हातचं काय कुणाला जमत नाही?’ ही कामाची वाट. इथे लोणचं, विहिरीवरच्या मोटेचा नाडा, कोर्टातला अर्ज, काहीही निघतं.
‘एवढं सगळं सोसलंत, कशाच्या बळावर?’ ही वृत्तीची वाट.

शेवटचा प्रश्न सगळ्यात जपून विचारायचा. तो भूतकाळात विचारायचा हे महत्त्वाचं. ‘आता कशाच्या बळावर सोसणार?’ म्हटलं की माणसाला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. ‘बहात्तरच्या दुष्काळात कसं निभावलंत?’ असं विचारलं की त्यांच्याच आयुष्यातली, त्यांनीच एकदा वापरलेली वृत्ती वर येते. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बाईला धीर म्हणजे काय ते आपण शिकवायची गरज नसते, तिला फक्त आठवण करून द्यायची असते.

आणि गप्प राहायला शिका. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. आपल्याला शांतता सहन होत नाही म्हणून आपणच उत्तर सुचवतो, आणि मग ते उत्तर त्यांचं राहत नाही.

---

इंद्रायणीकाठ

फ्रँकल यांच्याबद्दल आदर आहेच, पण मराठी माणसाला हे सगळं तुकोबांकडून ठाऊक असायला हवं. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हा अभंग वृत्तीच्या वाटेचा आपल्याकडचा सगळ्यात धारदार पुरावा. दुष्काळ १६३०–३२ चा, पहिली बायको त्यात गेली, आणि ती ‘अन्न अन्न करितां मेली’ हे तुकोबांनी स्वतः लिहून ठेवलंय. व्यापार बुडाला, पत गेली. पुढे हा माणूस ‘बरें जालें’ म्हणतो.

पण या अभंगाचा फार दुरुपयोग होतो. कुणाच्या घरी मृत्यू झाला की शेजारी येऊन ‘जे होतं ते भल्यासाठीच’ म्हणतात. तीन गोष्टी त्यांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, ‘बरें जालें’ तुकोबा स्वतःबद्दल म्हणतात. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या मेलेल्या बायकोबद्दल म्हणत नाहीत. हे वाक्य प्रथमपुरुषी एकवचनातच खरं असतं.

दुसरी, त्याआधी भूक, लाज, दुःख सगळं नाव घेऊन सांगितलेलं आहे. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान’. काही लपवलेलं नाही, काही गोड केलेलं नाही. जे दुःख मोजलंच नाही त्याला ‘बरें’ म्हणणं म्हणजे त्याच्यावर पांघरूण टाकणं.

तिसरी, ती वृत्ती नुसती मनात राहिली नाही. परंपरा सांगते की भाऊ कान्होबांचा वाटा वेगळा काढून त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. भावाच्या खतांना हात लावला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपली वृत्ती दुसऱ्याच्या हक्कावर लादायची नाही. आणि वृत्ती खरी बदललीय का ते बघायचं तर एखादं तरी खत पाण्यात गेलंय का ते बघावं.

---

चौकट

चांगली चर्चा चाललीय, एक धोक्याचा कंदील लावतो. ‘वृत्ती चांगली ठेवा, आजार पळेल’ हा वेगळा दावा आहे आणि तो टिकलेला नाही. दोन्ही दावे एकत्र मिसळले की आजारी माणसाला दुप्पट शिक्षा होते: आजार वाढला, आणि तोही तुझ्याच वृत्तीमुळे.

१९८९ मध्ये स्पीगल यांच्या अभ्यासात असं दिसलं होतं की पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये गटोपचार घेतलेल्या बायका सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. जगभर आशा पल्लवित झाली. २००१ मध्ये कॅनडात गुडविन यांनी २३५ बायकांवर तोच प्रयोग काटेकोरपणे केला: मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या, आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये कॉइन यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास केला, भावनिक स्वास्थ्य आणि जगण्याचा काळ यांत संबंध आढळला नाही.

म्हातारपणाबद्दलच्या मतांचा बेक्का लेव्ही यांचा २००२ चा अभ्यास लोक नेहमी पुढे करतात. ओहायोतल्या ६६० जणांमध्ये वार्धक्याकडे चांगल्या नजरेनं बघणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. पण ती निरीक्षणं आहेत. चांगल्या नजरेनं बघणारा माणूस फिरायला जातो, गोळ्या वेळेवर घेतो, डॉक्टरकडे लवकर जातो. नजरेनं आयुष्य वाढवलं की या सवयींनी, हे त्यातून सुटं काढणं अवघड आहे.

म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘पॉझिटिव्ह राहा’ हे शब्द आजाऱ्याच्या खोलीत नकोत. त्याऐवजी ‘रडायचं तर रड, मी इथंच आहे’ हे बरं.

---

कर्दळी

चौकट, फार गरजेचं लिहिलंत. इंद्रायणीकाठ, ‘प्रथमपुरुषी एकवचन’ हा शब्द मी पदराला बांधून घेतला. आता कुणीतरी उपचारपद्धतींचे तपशील द्या ना, सत्रं किती, प्रत्येकात काय, वगैरे.

---

उंबरठा

देतो. दोन पद्धती आहेत, दोन्ही शेवटच्या टप्प्यातल्या आजारासाठी बांधलेल्या.

पहिली, अर्थकेंद्री उपचार. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रँकल यांच्या विचारांवर बांधली. गटासाठी दर आठवड्याला एक अशी ८ सत्रं, दीड तासाची. एकट्यासाठी ७ सत्रं, एकेक तासाची. गटातला क्रम असा: (१) अर्थ म्हणजे काय, तो कुठून येतो, (२) आजाराआधी मी कोण होतो, आता कोण, (३) मिळालेला वारसा, (४) जगत असलेला आणि मागे ठेवणार असलेला वारसा, (५) वृत्ती, आयुष्याच्या मर्यादांना भिडणं, (६) काम आणि निर्मिती, (७) प्रेम, निसर्ग, कला, विनोद, (८) निरोप आणि पुढची आशा.

वृत्तीचं सत्र पाचवं आहे, पहिलं नाही, हे लक्षात घ्या. आपले लोक थेट पाचव्यात उडी मारतात. आधीच्या चार सत्रांत माणसानं स्वतःची गोष्ट मांडलेली असते, म्हणून पाचव्यात ‘याआधी अशी भिंत समोर आली तेव्हा काय केलं होतंत?’ हा प्रश्न पेलतो. २०१५ मध्ये २५३ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या आधारगटापेक्षा या पद्धतीचा अर्थ, निराशा आणि जगण्याची गुणवत्ता यांवर जास्त परिणाम दिसला. मोठी अडचण गळतीची. आठ आठवडे येत राहणं अशा रुग्णांना झेपत नाही, कुणी दाखल होतं, कुणी जातं. म्हणूनच एकट्यासाठीची, वेळ मागेपुढे करता येणारी पद्धत निघाली.

दुसरी, सन्मानोपचार. कॅनडात विनिपेगला हार्वे चोचिनॉव्ह यांनी बांधली. ही एकाच मोठ्या बैठकीची, घरी समजून घ्यायला सोपी. पायऱ्या सांगतो:

प्रश्नांची यादी एक-दोन दिवस आधी द्यायची. आयुष्यातलं काय सगळ्यात आठवतं, कधी सगळ्यात जिवंत वाटलं? कोणत्या भूमिका बजावल्या? कशाचा अभिमान आहे? घरच्यांना सांगायचं राहून गेलंय असं काही? त्यांच्यासाठी काय इच्छा, काय शिकवण? मग ३० ते ६० मिनिटं आवाज ध्वनिमुद्रित करायचा. दोन-तीन दिवसांत उतरवून काढायचा, कारण प्रकृतीचा भरवसा नसतो. ‘म्हणजे’, ‘काय ते’ गाळायचं, काळाचा क्रम लावायचा, पण शब्द त्यांचेच ठेवायचे. शेवटी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि ते म्हणतील तिथे दुरुस्ती करायची. मग कागद त्यांच्या हाती. कुणाला द्यायचा ते त्यांनी ठरवायचं.

बिघडतं कुठे? रागाच्या भरात एखाद्या मुलाबद्दल असं काही बोललं जातं की ते कागदावर कायमचं राहिलं तर मागच्यांचं आयुष्य जळेल. तिथे थांबून विचारायचं, ‘हे त्याच्या हातात असंच पडावं असं वाटतं का?’ गाळायचं की ठेवायचं ते रुग्ण ठरवतो, पण प्रश्न विचारणं आपलं काम. दुसरी चूक, मुलगा-सून खोलीत बसतात. मग सगळं गुळमुळीत येतं. शक्यतो बाहेरच्यानं विचारावं.

परिणाम प्रामाणिकपणे सांगतो. २००५ च्या १०० रुग्णांच्या अभ्यासात ७६ टक्क्यांनी सन्मानाची भावना वाढली असं सांगितलं, ६८ टक्क्यांनी जगण्याचा हेतू वाढला असं. पण २०११ च्या ३२६ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत त्रास मोजणाऱ्या मुख्य मापांवर फरक दिसला नाही. रुग्णांनी आणि घरच्यांनी मात्र उपयोग झाला असं सांगितलं. म्हणजे हे नैराश्याचं औषध नाही.

---

नवी पालवी

वाचनखूण साठवली. एक शंका: पक्षाघातानं वाचा गेलेला माणूस असेल, किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर हे सगळं कसं करायचं? यात तर बोलणं हाच पाया दिसतोय.

---

पाणपोई

@नवी पालवी, दोन्ही वेगळं आहे.

वाचा गेली, समज शाबूत आहे अशा वेळी ‘हो-नाही’चे प्रश्न, एका वेळी एक. ‘शेताची काळजी वाटते? की घराची?’ असा जोडप्रश्न नको, त्याला मान हलवून उत्तर देता येत नाही. एका पुठ्ठ्यावर माणसांचे फोटो, शेत, देव, पैसा, दुखणं अशी मोठी चित्रं चिकटवा, बोट दाखवू द्या. चार-पाचच चित्रं ठेवा, वीस केलीत तर थकवा येतो.

स्मृतिभ्रंशात वृत्तीची वाट हळूहळू बंद होते, कारण तिला ‘तेव्हा आणि आता’ धरून ठेवावं लागतं. कामाची आणि अनुभवाची वाट मात्र बराच काळ उघडी राहते. वाती वळायला कापूस द्या, शेंगा सोलायला द्या, वाटाणे निवडायला द्या. निवडलेले वाटाणे त्यांच्यादेखत परत मिसळून पुन्हा निवडायला देऊ नका. पुष्कळांच्या ते ध्यानात येतं आणि अपमान होतो. काकडआरती, ओव्या, शाळेतल्या कविता, जे तोंडपाठ झालंय ते सगळ्यात उशिरा पुसलं जातं. आणि ‘आठवतंय का?’ हा प्रश्न सोडून द्या.

---

पिंपळपान

अंतिम अर्थाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

फ्रँकल दोन पातळ्या वेगळ्या ठेवतात. एक, या क्षणाचा अर्थ: आज, या माणसासमोर, माझ्याकडून काय मागितलं जातंय. दुसरा, सगळ्याच्या मागचा परम अर्थ. पहिला शोधता येतो. दुसरा बुद्धीच्या मापात मावत नाही, असं ते म्हणत. त्यांचा दाखला माकडाचा: पोलिओवरची लस तयार करण्यासाठी ज्याला पुन्हापुन्हा सुई टोचली जाते त्या माकडाला आपल्या वेदनेचा अर्थ कधी कळेल का? ते ज्या जगात जगतं त्यात तो अर्थ बसतच नाही. मग माणसाचं जग तरी शेवटचं कशावरून?

आपल्याकडे याचं दुसरं टोक गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे: ‘श्रद्धामयोऽयं पुरुषो यो यच्छ्रद्धः स एव सः’. माणूस श्रद्धेचाच घडलेला, जशी श्रद्धा तसा तो. आणि श्रद्धा तीन प्रकारची, सात्त्विक, राजस, तामस. म्हणजे अंतिम अर्थाबद्दलचं मत आपण कोऱ्या पाटीवर ठरवत नाही, स्वभावाचा रंग त्याला आधीच लागलेला असतो. मला हे निरीक्षण फार खोल वाटतं. राजस वृत्तीच्या माणसाला अंतिम अर्थही हिशेबासारखाच दिसतो: मी एवढं केलं, मला काय मिळालं? तामस वृत्तीला शिक्षा दिसते.

प्रत्यक्षात हे कुठे भेटतं? ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत’ या वाक्यात. ते ऐकलं की सुशिक्षित नातेवाईक लगेच वाद घालतात. घालू नका. आधी ऐका की ते कोणत्या सुरात आलंय. काहींना त्यात आधार असतो: भोग आहेत, म्हणजे संपतील. तिथे हात लावायचं कारणच नाही. काहींना त्यात पश्चात्तापाची आग असते. तिथे विचारा, ‘शेजारच्या काकूंना हाच आजार झाला असता तर त्यांनाही म्हणाला असता का, की तुमचेच भोग?’ बहुतेक जण ‘छे, त्या किती चांगल्या’ म्हणतात आणि स्वतःच थबकतात. तेवढं पुरे. पुढे ताणायचं नाही.

आणि आगीमागे खरीच चूक असेल, भावाची जमीन लाटलेली, सुनेला छळलेलं, तर वृत्ती बदलून भागत नाही. तिथे माफी, परतफेड, निदान एक पत्र लागतं. फ्रँकल वेदना, अपराध आणि मृत्यू या तिन्हींना एकत्र ठेवतात, पण अपराधाचं उत्तर त्यांच्या मते बदलण्यात आहे, सोसण्यात नाही. इंद्रायणीकाठ यांचं खतांचं उदाहरण इथे तंतोतंत लागू पडतं.

देव न मानणाऱ्याला शेवटच्या दिवसांत देवाकडे वळवायचा प्रयत्न ही मोठी आगळीक आहे. फ्रँकल स्वतः श्रद्धावान होते, पण उपचार आणि धर्म त्यांनी वेगळे ठेवले, डॉक्टरनं परम अर्थ वाटायचा नाही म्हणून.

---

शब्दवेल्हाळ

पिंपळपान, +१. त्याला जोडून आशेबद्दल एक बारकावा. छावणीतल्या फ्रँकल यांच्या एका सहकैद्याला स्वप्न पडलं की ३० मार्चला सुटका होणार. तारीख जवळ आली, लढाईच्या बातम्या काही तशा नव्हत्या. २९ ला ताप चढला, ३० ला शुद्ध गेली, ३१ ला तो गेला, टायफसनं. फ्रँकल यांचा निष्कर्ष, आशा मोडली आणि शरीराचा प्रतिकार ढासळला. चौकट म्हणतील की एका माणसावरून कार्यकारणभाव ठरत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मनाच्या बाजूनं शिकण्यासारखं आहे: आशा तारखेला बांधू नये.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘दिवाळीपर्यंत उठून बसाल’, ‘नातीचं लग्न बघायचंय ना?’ लग्न झालं की दुसऱ्या दिवशी माणूस रिकामा होतो, लग्न पुढे गेलं की हताश. त्याऐवजी आशा माणसाला किंवा कामाला बांधा. ‘नातीला पुरणाचं गणित शिकवायचंय’ हे आजही करता येतं. किलोभर डाळीला गूळ किती, पुरण किती शिजलं की उलथनं उभं राहतं, हे आज सांगून झालं तर आजचा दिवस भरतो. उद्या कणीक. लग्नापर्यंत पोचले तर आनंदच, नाही पोचले तरी पुरण नातीच्या हातात राहतं.

---

चौकट

हो, तो निष्कर्ष मी मानणार नाही, पण तारखेचा सल्ला मानतो.

एक शेवटची गोष्ट राहतेय, आणि तिच्यावर जीव अवलंबून असतो. ‘अर्थ उरला नाही’ म्हणजे दर वेळी अर्थाचाच प्रश्न नसतो, नैराश्याचा आजार असू शकतो. डेव्हिड किसेन यांनी खचलेपण आणि नैराश्य यांत एक उपयोगी फरक दाखवलाय. खचलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही, आपल्याच्यानं काही होणार नाही असं वाटतं, पण नातू मांडीवर आला तर तेवढ्यापुरतं तो हसतो. नैराश्यात तो आनंदच मिळेनासा होतो, नातू, आवडता आंबा, सगळं सारखंच फिकं.

पटकन चाचपायला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? प्रत्येकाला ० ते ३ गुण: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आली तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. ही चाचपणी आहे, निदान नव्हे. वृत्तीचं बोलणं तेव्हा थांबवायचं नाही, पण त्याच्या भरवशावर राहायचंही नाही. औषध पहिल्या रकान्यातलं आहे.

‘मरून जावंसं वाटतं’ असं कुणी म्हटलं तर ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो, की हे संपावं असं वाटतं? काही ठरवलंय का?’ विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही. ठरवलं असेल तर एकटं सोडू नका, साठवलेल्या गोळ्या आणि शेतावरची फवारणीची औषधं कुलपात घाला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

---

उंबरठा

@चौकट, याला एक जोड. घरात मॉर्फिन असेल तर ते घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात असावं, आणि दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ वहीत लिहावी. तीच वही पाणपोईंनी सांगितलेली बोलायची वेळ काढायलाही उपयोगी पडते. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, ज्या केंद्रातून आणल्या तिथेच मोजून परत द्या.